देगलूरला नेलेला बसऱ्याचा नकाशा

लातूरच्या बसस्थानकावर सकाळी देगलूरच्या गाडीत चढलो तेव्हा माझ्या काखेत सगळा अरब मुलूख गुंडाळलेला होता. मोरोक्कोचं टोक कंडक्टरच्या कानाला लागलं आणि ओमान मागच्या बाईंच्या पिशवीत शिरलं.

"काका, फ्लेक्स उभा धरा," कंडक्टर म्हणाला. "कुणाचा वाढदिवस हाय?"

वाढदिवस कुणाचाच नव्हता. माझी मुलगी मुग्धा पुण्याला एका कचेरीत काम करते. अरब देशांत कुठे मोर्चा निघाला, कुठे धरणं धरलं, कुठे दगडफेक झाली, हे रोज वाचायचं आणि नकाशावर तिथे ठिपका टाकायचा, असं तिचं काम. शांततेत पार पडलं तर पिवळा ठिपका, डोकी फुटली तर लाल. हे नेमकं कशासाठी करतात ते तिने मला बऱ्याचदा समजावलंय आणि प्रत्येक वेळी मी "अस्सं" म्हटलंय.

देगलूरला माझी धाकटी बहीण सुनंदा राहते. तिचा मुलगा नागेश वायरमन. हैदराबादच्या एका एजंटाने त्याला इराकमधल्या बसऱ्याला, वीज केंद्रावर काम देऊ केलं होतं. सोमवारपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. भाऊजी गेल्यापासून त्या घरातलं मोठं काही ठरवायचं असलं की मला बोलावणं येतं. "दादा, तिथं दंगे व्हायलेत म्हणं," सुनंदा फोनवर म्हणाली. "मुग्धाला इचार, आन तू येऊन काय ते सांग."

मुग्धाने नकाशा मोबाइलवर पाठवला. मोबाइलमध्ये माझ्या चष्म्याला बसरा काही सापडेना, म्हणून मी तो फ्लेक्सवाल्याकडे छापायला दिला. आता आमच्याकडच्या फ्लेक्सवाल्यांना माणसाच्या चेहऱ्याशिवाय फ्लेक्स छापायची सवयच राहिलेली नाही. त्याच्या संगणकात गणेश मंडळाच्या वेळचा माझा हात जोडलेला फोटो होता. तो त्याने सौदीच्या वाळवंटात बसवून दिला. वर म्हणाला, "तिथं ठिपके नव्हते सर, जागा मोकळी होती."

उदगीरला गाडी थांबली. स्थानकाबाहेर सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, पोह्यांसारखा पदार्थ) खाल्ली, चहा घेतला. तोवर ऊन गाडीच्या पत्र्याला हात लावू देत नव्हतं. उदगीर सोडून थोडं पुढे गेलो आणि गाडी पुन्हा थांबली. रस्त्यावर आडव्या घागरी मांडलेल्या, त्यांच्या मागे बायका बसलेल्या. पाण्यासाठी घागर मोर्चा. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, टॉवेल तोंडावर घेतला आणि झोपला. बाकीचे लोक हेच स्थानक असल्यासारखे उतरून लिंबाच्या सावलीला गेले.

बायकांची पुढारीण कमलबाई उलट्या घागरीवर बसली होती. रुग्णवाहिकेला आणि नवरानवरीच्या गाडीला तेवढी वाट द्यायची, असं त्यांचं ठरलेलं होतं.

"फ्लेक्सवाले भाऊ, तुमचं लग्न न्हाई ना?" तिने मला विचारलं. "मंग बसा निवांत. कोणत्या पक्षाचे तुम्ही? उघडा बघू."

मी अरब मुलूख रस्त्यावर पसरला. कोपऱ्यांवर घागरी ठेवल्या. हे बसरा, मी म्हटलं, इथले लोकही उन्हाळ्यात पाण्यासाठी, विजेसाठी रस्त्यावर येतात. एक ठिपका म्हणजे एक मोर्चा.

कमलबाईने ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "लई झाले की. मंग आलं का पाणी?"

मला ठाऊक नव्हतं. मुग्धाला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, लोक कुठे जमले, कशासाठी जमले, एवढंच आम्ही टिपतो. मागणी पूर्ण झाली का, त्याचा रकानाच नाही."

मी ते सांगितलं. "म्हंजे आमच्या तहसीलवानीच," कमलबाई म्हणाली. "आन आमचा ठिपका टाकला का तुमच्या लेकीनं?"

"ती फक्त तिकडचेच टाकते."

"बरं हाय. न्हाईतर असा नकाशा बघून आमच्या गावात पोरगी कोण देईल?"

बायका हसल्या. मी हसलो नाही. माझ्याही भाच्याला मी नकाशा बघूनच अडवायला निघालो होतो.

मग तहसीलची जीप आली, उद्या टँकर पाठवतो म्हणाली. बायका घागरी घेऊन उठल्या आणि आम्ही देगलूर गाठलं.

सुनंदाने भाकरी आणि पुंडी (अंबाडीची भाजी) वाढली. नकाशा कपाटावरून खाली सोडला होता. माझा फोटो बघून सुनंदा म्हणाली, "तू कशाला जायलास तिथं?" मी घसा साफ केला. ठिपका म्हणजे धोकाच असं काही नसतं, मी म्हटलं, आत्ता वाटेत मी स्वतः एका ठिपक्यात बसून आलो.

"मंग जाऊ द्यायचं म्हणतोस?"

"तसंही नाही. लालही आहेत ना."

"दादा, तू सकाळधरनं हेच ठरवून राहिलास का?"

नागेश ताटावरून उठून नकाशाजवळ गेला होता. त्याने स्पीकर लावून मुग्धाला फोन केला. "ताई, वीज केंद्राला लागून ह्यो पिवळा ठिपका कशाचा?"

"गेटवर धरणं होतं," मुग्धा म्हणाली. "तिथली मुलं म्हणत होती, नोकऱ्या आम्हाला द्या. बाहेरची माणसं आणू नका."

गेल्या साली नांदेडबाहेरच्या एका कारखान्याच्या गेटवर नागेश स्वतः मांडवात बसला होता. भूमिपुत्रांना काम द्या, अशी पाटी हातात. तो फोटो मीच घरच्या ग्रुपवर टाकला होता.

"म्हंजे मामा," तो म्हणाला, "तिथं बाहेरचा मी."

सुनंदाने भाकरी थापायची थांबवली. "तुम्ही गेटवर बसला होता तवा बाहेरगावचे पोरं आत जायचे ना? त्याह्यला काय केलं तुम्ही?"

"सकाळी शिव्या द्यायचो. दुपारी त्यांच्याच डब्यातलं लोणचं खायचो."

"मंग?"

"मंग काय गं. ते आत गेले, मी घरी आलो."

तो पुन्हा ताटावर बसला. पुंडी नुसती चिवडत होता. मग चालूच असलेल्या फोनवर म्हणाला, "ताई, मी बी गेटवर बसलो होतो, हे अरबीत कसं म्हणायचं?"

"विचारून सांगते," मुग्धा म्हणाली.

सुनंदाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, पदराला हात पुसले आणि फळीवरची बरणी खाली काढली. "दादा, इमानात लोणचं नेऊ देत्यात का?"

मी ठरवायला आलो होतो. मला एवढंच विचारलं गेलं, आणि तेही मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नागेश स्थानकावर सोडायला आला. गाडी हलायला लागली तसं मी खिडकीतून डोकं काढून सांगितलं, "तिथं गेटवर कुणी बसलेलं असलं तर थांबू नकोस. मान खाली घालून आत जायचं."

"बरं मामा," तो म्हणाला.

देगलूर मागे पडल्यावर आठवलं, नांदेडला तो मांडवात बसला होता तेव्हा मीच त्याला फोन करून म्हणालो होतो, उठू नकोस, एकालाही आत जाऊ देऊ नका. तेव्हाही मी मनापासूनच म्हणालो होतो. लातूर येईपर्यंत या दोन्हींतलं कुठलं मागे घ्यावं ते मला कळलं नाही.