मिठीचं माप

तो डोळे मिटायचा, हवेलाच मिठी मारायचा आणि म्हणायचा, "उम्मी एवढी हाय, मास्टर. घ्या माप."

गुलमंडीजवळ माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. मापाला जुना ब्लाउज आणणाऱ्या बायका रोजच्याच, रिकामी मिठी आणणारं गिऱ्हाईक हे एकच. पोरगा येमेनहून आपल्या विद्यापीठात शिकायला आलेला. मराठी आमच्या गल्लीतच शिकला. आईसाठी, म्हणजे त्याच्या उम्मीसाठी, ईदचा झगा शिवायला टाकला आणि तो होईपर्यंत रोज येऊन मिठी दाखवू लागला. "तिचं डोकं इथं लागतं," म्हणत हनुवटीला बोट लावायचा. मग आम्ही दोघं त्या नसलेल्या बाईकडं बघत बसायचो. मला तर ती दिसायलाही लागली होती, चांगली अंगानं भरलेली, हसरी.

तिकडं लढाई चालू होती. सरकार नावापुरतं उरलेलं. अर्धं गाव डोंगरातून उतरलेल्या बंडखोरांनी घेतलेलं, अर्ध्यात सरकारी फौज, आणि मधल्या रस्त्यावर उम्मीचं घर. विचारलं की त्याचं ठरलेलं उत्तर, "लई मजेत हाय. पोटभर जेवती म्हणती." फोनवर ती तसंच सांगायची. कुठली आई दुसरं सांगेल, तुम्हीच सांगा.

गावी निघालेल्या एका दोस्ताबरोबर निळा झगा गेला. पोचेल की नाही, याचीच आम्हाला काळजी. पोचला.

एका दुपारी तो फोनमधला फोटो घेऊन आला. उम्मी झगा घालून उभी होती. खांदे पार कोपरापर्यंत उतरलेले. एका झग्यात तिच्यासारख्या दोघी मावल्या असत्या. शिंप्याची जात, तोंडातून निघालं, "माप चुकलं असेल रे. मागवून घे, आत घेऊन देतो."

"माप बरोबर हाय, मास्टर. झगा तसाच ऱ्हाऊ द्या. तिलाच भरायला पायजे."

शिक्षण अर्धवट टाकून तो निघाला. रस्ते बंद आहेत म्हटलं, तर "उघडतील" म्हणाला. रिक्षात गूळ, तूप, शेंगदाणे, खजूर. त्याला बसायला जागा नव्हती. मी चिडवलं, "खजूर तुमच्याकडूनच येतो ना रे इकडं?"

"यायचा," तो म्हणाला.

आता त्याचा फोन लागत नाही. नाही लागला की मी मशीन थांबवून डोळे मिटतो. आज खांदे बसले असतील, म्हणतो. कमरेला अजून जरा ढिला असेल.