शेवटचा काळ फक्त आमच्याच घराला

प्रभुभोजनाचा ट्रे माझ्यासमोर आला आणि तसाच पुढे गेला. मी हात पुढे केला होता. ट्रे धरणाऱ्या बाईने मान खाली घातली आणि शेजारणीला भाकरीचा तुकडा दिला, द्राक्षरसाचा प्याला दिला. माझा हात हवेतच.

पास्टर माइकमधून म्हणाले, "सिस्टर शिस्तीखाली आहेत. त्यांनी मागे बसावं. चपला काढतात तिथं."

मी उठले आणि चपलांजवळ जाऊन बसले. अख्ख्या सभेसमोर, माझ्या पोरीसमोर. आज सांगताना त्या मुकाट जाण्याचीच जास्त लाज वाटते.

भिवंडीजवळ वडप्याला हायवेच्या आत, गोडाऊनच्या मागे पत्र्याची शेड आहे. दर रविवारी तिथं आमची प्रार्थना. शेड पास्टरांची. गोडाऊन पास्टरांचं. खालची जमीन त्यांच्या बापजाद्यांची. पास्टर एका मोठ्या दुखण्यातून उठले आणि ख्रिस्ती झाले. रविवारी ते पास्टर, सोमवारपासून शेठ. रविवारी मी सिस्टर, सोमवारी "ए बाई, ती पेटी उचल". मी राहत होते ती खोलीसुद्धा त्यांच्याच चाळीत. नवरा गेल्यापासून घरात मी, माझी आय आणि माझी पोर एस्तेर.

आम्ही दिघाशीकडच्या वाडीवरचे. आय तरुण असताना गावात पाणी मागायला गेली की वरून ओंजळीत ओतायचे, भांड्याला हात लावू द्यायचे नाहीत. प्रार्थनेत पहिल्यांदा कोणीतरी तिच्या हातात प्याला दिला. ती तिथंच रडली. आय ख्रिस्ती झाली ती त्या प्याल्यासाठी. पुस्तक तिला वाचता येत नव्हतं. आणि त्याच आयेच्या लेकीसमोरून तो प्याला पुढे सरकवला. बाटण्याची भीती कपडे बदलून आली होती, दुसरं काय.

माझा गुन्हा काय, तर ऐका.

मी रविवारच्या शाळेत लहान पोरांना शिकवायचे. उत्पत्तीचा धडा चालू होता, देवाने सहा दिवसांत जग केलं आणि सातव्या दिवशी विसावला तो. मोठ्या कागदावर सात चौकोन आखले, एकेका दिवसाला एक. पोरं रंग भरत होती. सूर्य आणि चंद्र चौथ्या चौकोनात. शारोन नावाची आठ वर्षांची पोर, तिने पिवळा खडू हातात धरला आणि म्हणाली, "टीचर, सूर्य चौथ्या दिवशी झाला तर आधी तीन दिवस सकाळ कशी झाली?"

इतकी वर्षं तो धडा शिकवत होते, माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मग मला जे सुचलं ते सांगितलं. म्हटलं, "देवाने जग केलं हे खरं. पण तो दिवस घड्याळाचाच असेल असं नाही. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतो, ते काय कोणी मोजतं? तसं असेल. आपल्याला समजावं म्हणून गाण्यासारखं सांगितलं असेल."

पोरं हसली. शारोनने तीन चौकोन काळे रंगवले आणि चौथ्यात भलामोठा सूर्य काढला. घरी जाऊन तिने सगळं सांगितलं. पुढच्या रविवारी तो ट्रे तसाच पुढे गेला, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मला गोडाऊनच्या ऑफिसात बोलावणं.

"तू आठवी नापास. तू शास्त्र शिकवणार?" पास्टर खुर्चीत, मी उभी. "सहा दिवस म्हणजे सहा दिवस. चोवीस तासांचे. एक अक्षर इकडचं तिकडं केलंस तर सगळा विश्वास ढासळतो."

आठवी नापास. इथं मला खरी ठेच लागली. मी नापास झाले नव्हते. मला काढलं होतं, आणि ते ह्याच माणसाच्या बोलण्यावरून.

तेव्हा ते नवे नवे पास्टर. वाडीवर येऊन सांगायचे, कर्णा वाजणार, प्रभू येणार, पुढचं भात कापायच्या आत जग संपणार. अक्षरशः संपणार. आयेला म्हणाले, "पोरीला शाळेत कशाला पाठवता? वेळ कुठं उरलाय?" आयेने माझं दप्तर खुंटीला अडकवलं. मी पण विश्वास ठेवला. अभाळाकडे बघत गवत कापायचे. भात पिकलं, कापून झालं, झोडून झालं. कर्णा वाजला नाही. कोणीतरी विचारलं तेव्हा पास्टर म्हणाले, "ते आत्मिक अर्थाने घ्यायचं होतं." बस. एवढ्यात विषय संपला. माझी शाळा मात्र आत्मिक अर्थाने सुटली नव्हती. ती खरीच सुटली.

आणि सातवा दिवस? देवाने विश्रांती घेतली तो? ऑनलाइन सेलचा सीझन आला की रविवारी प्रार्थना उरकून आम्हाला ड्युटीवर जावं लागायचं. मी एकदा विचारलं होतं, पास्टर, सातवा दिवस विश्रांतीचा ना? तर हसून म्हणाले, "विश्रांती म्हणजे मनाची, सिस्टर. शब्दशः नाही घ्यायचं." सहा दिवस घड्याळाचे, सातवा मनाचा. तेव्हा मला ते खटकलं नाही. बैलासारखी मान हलवली आणि पेट्या उचलायला गेले.

त्या दिवशी ऑफिसात त्यांनी मोठ्या मनाने मार्ग सांगितला. एस्तेर नुकतीच दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली होती. तिला सायन्सला जायचं होतं. भिवंडीतल्या कॉलेजात फॉर्म भरून झाला होता. पास्टर म्हणाले, "शेवटचा काळ आहे. लक्षणं दिसत नाहीत? अजून कॉलेज कसलं? तिला गोडाऊनमध्ये पेट्यांच्या स्कॅनिंगला घेतो. पुढच्या रविवारी साक्षीच्या वेळी सगळ्या सभेपुढे ये. सांग, मी चुकले. सांग, एस्तेर सोमवारपासून कामावर येईल. मग तुझा प्याला तुला मिळेल."

खोलीचं नाव त्यांनी काढलं नाही. गरजच नव्हती.

घरी सांगितलं तर आय म्हणाली, "म्हण गं दोन शब्द. तोंडाचं काय झिजतंय? खोली गेली तं कुठं जायचं हाय आपल्याला?" एस्तेर भाजी चिरत होती. वर न बघता म्हणाली, "मम्मी, तू सांगशील ते करीन. पण जग संपणार हे तुला खरंच वाटतं का?"

खरं सांगायचं तर भीती होती. इतक्या वर्षांची भीती. समजा खरंच आला प्रभू, आणि मी आपली शिस्तीखाली, चपलांजवळ. मी मनात ठरवून टाकलं होतं की माफी मागायची.

शुक्रवारी गोडाऊनच्या बाजूच्या शेतात नव्या गोडाऊनचे खड्डे खणणं चालू होतं. मी पाण्याची बाटली भरायला नळावर गेले. पास्टर ठेकेदाराशी बोलत उभे. मला त्यांनी बघितलं असेल, पण बायांसमोर कोण बोलणं थांबवतं? म्हणाले, "सळई जाड घाल. पाया असा पाहिजे की नातवंडांना पुरला पाहिजे."

नातवंडांना. त्यांच्या मुलीचं लग्नसुद्धा झालेलं नाही. ती पुण्यात डॉक्टरकी शिकतेय, अजून कितीतरी वर्षं शिकणार आहे. तिला कोणी म्हणालं नाही, वेळ कुठं उरलाय.

तळपायाची आग मस्तकात गेली. बाटली भरून वाहत होती, मला भान नव्हतं. जग संपणार, पण फक्त आमच्या घरात. त्यांच्या जन्मालाही न आलेल्या नातवंडांसाठी जगाचा पाया खणणं चालू आहे, आणि माझ्या समोर उभ्या पोरीला दोन वर्षं कॉलेजला जायलाही जग उरलेलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान. ह्या माणसाने मला एकदा खाल्लं होतं. आता माझ्या पोरीचं ताट मांडलं होतं, आणि वाढायला मीच निघाले होते.

रविवारी गाणी झाली. साक्षीची वेळ आली. पास्टरांनी हसून माइक माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, "मी चुकले."

आय पहिल्या रांगेत. तिने डोळे मिटून हात जोडले.

"मी चुकले. आठवीत असताना ह्यांनी सांगितलं जग संपणार, मी शाळा सोडली. जग संपलं नाही तेव्हा ह्यांनीच सांगितलं, ते शब्दशः नव्हतं. सहा दिवस शब्दशः, सातवा नाही. कुठली ओळ खरी आणि कुठली नुसती खूण, हे पुस्तकात लिहिलेलं नाही. ते ह्यांच्या सोयीने ठरतं. शेजारच्या शेतात जाऊन बघा, नातवंडांसाठी पाया खणलाय. अजून ह्यांची नातवंडं जन्माला येणार आहेत तर शेवटचा काळ कोणाचा चाललाय? माझ्या एस्तेरचा?"

"माइक बंद करा," पास्टर म्हणाले.

बंद केला. वाडीवरच्या बाईला माइक लागत नाही. आम्ही डोंगरावरून हाका मारत वाढलो. मी म्हटलं, "एस्तेर सोमवारी कामावर येणार नाही. कॉलेजला जाईल. आणि मला तुमच्या हातचा प्याला नको."

एक बाई रडत होती, कोणासाठी ते माहीत नाही. एस्तेर उठली आणि माझ्याबरोबर बाहेर आली. आय उठली नाही. ती आता वाडीवर भावाकडे राहते. माझ्याशी धड बोलत नाही, मी देवाला तोंडावर बोलले असं तिला वाटतं. तिला काय समजावणार. तिच्या हातात प्याला देणारा पहिला माणूस हा पास्टरच होता.

आठवड्यात खोली सोडावी लागली. नोकरी त्याच दिवशी गेली. आता भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात धाग्याच्या कांड्या भरते. दिवसभर कान बधिर होतात, बोटं कापतात. एवढीशी खोली आहे. मी येशूला सोडलेलं नाही, हे सुद्धा सांगून ठेवते. त्या शेडला सोडलं. पुस्तक माझ्या उशाशी आहे आणि आता मी ते स्वतः वाचते. अडलं तर एस्तेरला विचारते. दोघींनाही नाही कळलं तर कळलं नाही म्हणते. पण मला कळलेलं नसताना दुसऱ्याचा अर्थ मी परत गिळणार नाही.

परवा चाळीतली जुनी ओळखीची बाई भेटली. म्हणाली, पास्टर अजून तुझं नाव घेऊन सांगतात की प्रभू येईल तेव्हा हिची पोर कुठं सापडणार.

मी म्हटलं, जाऊन सांग त्यांना. अकरावी सायन्स, दुसरा बाक.