जोर लावून शिजवलेला भात

किन्हवलीच्या ताई माझ्यासाठी उभ्या राहिल्या, हे आधी लिहिते. त्या माझ्या कोणी लागत नाहीत. घरमालकिणीची भाची, मुंबईत एका ऑफिसात स्पॅनिशचं भाषांतर करतात आणि सुट्टीला शहापूरला मावशीकडे येतात, एवढीच ओळख. बाकी जे लिहायचंय ते सगळं रागाचं आहे. अजून आठवलं की कानशिलं तापतात.

मी परभणीकडची. शाळा सातवीत सुटली. मुलीला घेऊन इकडे आले आणि मुरबाड रस्त्यावर तांदळाच्या पॅकिंगला लागले. धसईच्या बाजारातून आलेला हातसडीचा तांदूळ निवडायचा, पिशव्या भरायच्या, दुपारी सगळ्या कामगारांचा भात शिजवायचा.

भात वेळायला मी इथेच शिकले. आमच्याकडे ज्वारी; भात सणाला, तोही कुकरात. इथे टोपात भरपूर पाणी घेतात. शीत बोटाखाली दबलं की झाकण किंचित सरकवून, फडक्याने टोप धरून तिरका करायचा आणि पेज खालच्या भांड्यात ओतायची. मग टोप परत मंद आचेवर. पहिल्यांदा वेळला तेव्हा माझा अर्धा भात मोरीत गेला. घरमालकीण म्हणाली, "आगो बाय, भात वेळतेस का पोरीला न्हाणतेस?"

पॅकिंगच्या शेठनी स्पेनला नमुन्याच्या पिशव्या पाठवायचं काढलं. पिशवीच्या मागे भात शिजवायची चित्रं, प्रत्येक चित्राखाली एकच शब्द. कृती मी सांगितली. इंग्रजी शब्द शेठनी स्वतः घातले. वेळायला त्यांनी 'स्ट्रेन' लिहिलं, मग एकेक शब्द फोनमध्ये टाकून जे स्पॅनिश आलं ते छापून मोकळे झाले.

तिकडून व्हिडिओ आला. एक धिप्पाड माणूस लाकडी पळीने, घाम येईस्तोवर, उकळता भात घोटतोय. पार खळ झालेली. शेवटी तो पळी उंच धरून हसतो आणि काहीतरी विचारतो.

शेठनी मला सगळ्यांमध्ये उभं केलं. "ज्वारी खाणारीला भाताचं विचारलं, माझीच अक्कल गेली होती!"

"शेठ, मी वेळायला सांगितलेलं."

"वर तोंड करून बोलतेस? उद्यापासून येऊ नको."

कोणी मान वर केली नाही. माझ्या हातचं रोज जेवणाऱ्यांनीसुद्धा. घरी येताना वाटभर एकच हिशोब करत होते. काम गेलं तर खोली जाणार, मुलीची शाळा सुटणार, आणि गावाकडे भाऊ दारातच म्हणणार, "सांगितलं नव्हतं?"

ताई तेव्हा मावशीकडेच होत्या. पिशवी वाचून त्या आधी खो-खो हसल्या. माझं तोंड पाहिलं आणि थांबल्या.

"अगं, गाळणं, ताण देणं, जोर लावणं, स्नायू दुखावणं, सगळ्याला इंग्रजीत 'स्ट्रेन'च चालतं. स्पॅनिशमध्ये प्रत्येकाला वेगळा शब्द. फोनने जोर लावणं उचललं. त्या बिचाऱ्याने लावला."

"मग बरोबर शब्द द्या ना, ताई. आत्ता नेऊन दाखवते."

"अशी नाय देत. करून दाखव. हात बघितल्याशिवाय मी क्रियापद लिहीत नाय."

खरं सांगते, मला त्यांचाही राग आला. इथे माझं काम गेलंय आणि ह्यांना भात हवाय!

"तुम्ही तर जन्मभर वेळलेला भात खाल्लाय," मी म्हटलं.

"खाल्लाय. वेळलाय कुठे? मावशी टोपाला हात लावू देते का?"

"सांडशील म्हणून," मावशी आतून म्हणाली.

मी चूल पेटवली. ताई समोर पाटावर बसून माझ्या मनगटांकडे बघत राहिल्या. त्यांच्या मनात 'कोलार' होतं, म्हणजे गाळणीतून गाळणं. टोप तिरका झाला तशा त्या म्हणाल्या, "गाळणी कुठाय? गाळणी नाहीच की! मग एस्कुरिर. निथळू द्यायचं." आणि मला पुन्हा ओतायला लावून फोनवर माझ्या हातांचा व्हिडिओ घेतला.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबर आल्या. शेठच्याच फोनवरून नवा शब्द आणि व्हिडिओ स्पेनला पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं: ताटातल्या मोकळ्या भाताचा फोटो. शेठ खूश. "बघा, आपला मालच तसा आहे!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उभी काय? पिशव्या भर."

बस्स, एवढंच. मी खाली मान घालून पिशवी उचलली.

ताई मात्र हलल्या नाहीत. "शेठ, हिला बोललात ते सगळ्यांसमोर. चूक तुमची होती, तेही सगळ्यांसमोर सांगा."

शेठ हसले. "शिकलेल्यांना राग फार लवकर येतो, ताई."

त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी अजून तिथेच आहे, त्यांच्याच पिशव्या भरते, आणि ते समोरून गेले की दात आवळले जातात. मला गप्प बसावं लागलं, ह्याची चीड त्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त आहे.

ताई माझ्याकडून काही घेत नाहीत. चहासुद्धा मावशीकडचाच पितात. पण कधीतरी, कुठेतरी, त्यांच्या अंगावर कोणी असं ओरडेल. त्या दिवशी मी तिथे असेन आणि माझी मान खाली नसेल. ताई, हे तुमचं मी फेडणार आहे.