मिरच्यायचा धूर गेल्यावर

बायांनो, आज आमच्या घरी सगळेच रडले!

बाळंत झाल्यापासून मले उगीचच रडू येते. सासूबाई म्हणाल्या, "नजर लागली." मिरच्या ओवाळून त्यायनं शेगडीत टाकल्या.

नजर असली की ठसका लागत नाही म्हणतात. आज असा ठसका उठला, की नवरा अंगणात पळाला अन् बकरीही शिंकली! म्हणजे नजर नव्हतीच.

धूर गेला. सगळ्यायचे डोळे सुकले, माहे नाही.

सासूबाईनं पाह्यलं. "पोरी, आता काऊन रडून राह्यली?"

"लेकराकडे पाहून मले काहीच वाटत नाही."

त्या जवळ बसल्या. "तुह्या नवऱ्याच्या वेळी मले वाटे, हे माकड कोणाचं? कोणाले सांगतलंच नाही." मग लेकरू घेऊन म्हणाल्या, "तू झोप."

बायांनो, धूर गेल्यावरही तुमच्या घरी कोण रडून राह्यलं, पाह्यलं का?