करंगळीची परवानगी

गेल्या जूनमध्ये शाळेची व्हॅन बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या गेटवर पुन्हा हॉर्न वाजवू लागली. पहिल्याच सकाळी माझी नऊ वर्षांची लेक अंथरुणात ताडकन उठून बसली.

"बाबा, मला जायचंय का?"

"नाही गं. आपलं ठरलंय ना."

ती आडवी झाली, पण व्हॅन निघून गेल्याचा आवाज येईपर्यंत तिचे डोळे उघडेच होते.

आदल्या वर्षी रोज सकाळी तिचं पोट दुखायचं. "नाटकं पुरे" म्हणत मी तिला जिना उतरवायचो. गणिताच्या तासाला ती करंगळी वर करून बाथरूमला जाते आणि तास संपेपर्यंत परत येत नाही, असं बाईंनी पालकसभेत सांगितलं, तेव्हा घरी येऊन मी तिच्यावरच ओरडलो. सगळा दोष शाळेवर टाकून मी मोकळा होऊ शकत नाही. संध्याकाळी मरोळच्या ऑफिसातून आल्यावर, हातपाय धुण्याआधी, घरात दुसरी शाळा भरवणारा मीच होतो.

बायकोने आणि मी तिला घरीच शिकवायचं ठरवलं, तेव्हा लेकीने एवढंच विचारलं, "घरी पण तूच ओरडणार का?"

मी नाही म्हणालो. तिला ते खरं वाटलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला ते खरं करून दाखवायचं होतं. अपूर्णांक थांबू शकत होते.

पहिल्या आठवड्यात पुस्तक उघडायचं नाही, हे बायकोने ठरवलं. "आधी घर तिला घरासारखं वाटू दे," ती म्हणाली. मी आठवडाभर रजा टाकली. सोमवारी आम्ही कॅरम खेळलो. गुणांची बेरीज लेकीकडून करून घ्यावी असं दहा वेळा मनात आलं, तरी मी गप्प राहिलो. मंगळवारी तिने घावणे घातले. पहिले दोन तव्यालाच चिकटले. ते खरवडून तिने माझ्या ताटात वाढले आणि स्वतःसाठी चांगला ठेवला. किती दिवसांनी ती अशी आगाऊपणे हसली होती! मला वाटलं, जमलं आपल्याला.

बुधवारी बायकोची सुट्टी होती, म्हणून आम्ही गोराईला निघालो. माझे वडील आयुष्यभर गिरणीत राबलेले, मूळचे मालवणकडचे. त्यांना हा सगळा प्रकारच पसंत नव्हता. "शाळा सोडलास आणि आता दर्यार फिराक जातास? बरा चल्लाहा तुमचा," असं म्हणत त्यांनी सगळ्यात आधी चपला घातल्या.

खाडी बोटीने ओलांडून आम्ही किनाऱ्यावर पोचलो. ओहोटी होती. पाणी लांब गेलं होतं आणि ओल्या वाळूवर बारीक खेकडे पळत होते. लेक त्यांच्यामागे धावत सुटली. थोड्या वेळाने धापा टाकत आली आणि म्हणाली, "बाबा, पाणी केवढं मागे गेलंय!"

तेवढ्यानेच माझा ताबा सुटला. किती छान संधी, असं वाटलं मला.

"का गेलं असेल? विचार कर. आकाशात काय असतं, ज्याचा पाण्याशी संबंध असतो?"

ती पायाच्या अंगठ्याने वाळू उकरू लागली.

"अगं, सोपं आहे. रात्री दिसतं. च पासून सुरू होतं. सांग बरं."

आवाज चढलाय हे मला कळलंही नाही. तिने फ्रॉकची कॉलर तोंडात धरली. मग उजवा हात हळूच वर आला. करंगळी उभी, बाकीची बोटं मिटलेली.

"मी बाथरूमला जाऊन येऊ?"

समोर अख्खा समुद्रकिनारा मोकळा होता. आणि माझी लेक माझ्याकडे तिथून जाण्याची परवानगी मागत होती.

"गप रव रे जरा," मागून वडील म्हणाले. "पोरगी काय परीक्षेक बसली हा?"

लेकीचा हात धरून बायको पाण्याच्या दिशेने चालू लागली. मी तिथेच उभा राहिलो. शाळा सोडवली म्हणून मी स्वतःवर खूश होतो, पण तीच शाळा मी माझ्याबरोबर वाळूत घेऊन आलो होतो.

परतीच्या बोटीत मी लेकीच्या शेजारी बसलो.

"माझं चुकलं. मी आज परत शाळा सुरू केली."

"हो," ती म्हणाली. "परत करशील?"

"मला ती सवय लागलीये. पण मी ती मोडणार आहे. जीभ वळवळायला लागली की मी करंगळी वर करीन आणि तिथून उठून जाईन. परवानगी तू द्यायची."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर गप्प बसून राहीन."

तिने आजोबांकडे पाहिलं. "ह्या बरा आसा," आजोबा म्हणाले.

गुरुवारी मी करंगळी इतक्या वेळा वर केली की बायकोने विचारलं, "डॉक्टरकडे जायचं का रे?" शुक्रवारी कॅरमच्या वेळी लेकीने मला चक्क परवानगी नाकारली आणि तिच्या चुकीच्या बेरजेने मी हरलो. तोंड घट्ट मिटून हरलो. आयुष्यात इतकी अवघड कामं मी फार थोडी केलीत.

रविवारी संध्याकाळी ती गॅलरीत आजोबांजवळ बसली होती. दुसऱ्या दिवसापासून पुस्तकं उघडायची होती आणि मी आत ती काढून ठेवत होतो. तेवढ्यात तिची हाक आली.

"बाबा, ते पाणी मागे जातं, ते जातं कुठे? एवढं सगळं?"

चंद्र, पृथ्वी, ओढ, सगळं माझ्या जिभेवर रांगेत उभं राहिलं. मी करंगळी वर केली.

तिने माझ्याकडे बाईंसारखं रोखून पाहिलं. "जा," ती म्हणाली. "पण लगेच ये. उद्या परत गोराईला जायचंय आपल्याला. मला ते परत येताना बघायचंय."

मी खरंच बाथरूममध्ये जाऊन उभा राहिलो. बाहेर ती आजोबांना विचारत होती, "पाणी येईपर्यंत तिथे थांबायचं तर डबा न्यावा लागेल ना?"

रजा संपली होती. मी तिथूनच ऑफिसातल्या साहेबांना फोन लावला आणि आणखी एक दिवस मागून घेतला.