मेदून जोप आणि माझ्या शिव्या

मेदून जोपबद्दल चांगलं बोलायची मला सोय नाही, कारण मी दाबा न्जाय. न्जाय घराण्यातल्या माणसाने जोप घराण्यातल्या माणसाला भातखाऊ म्हणायचं, चोर म्हणायचं, माझा गुलाम म्हणायचं, आणि जोपने हसत हसत त्याहून जहाल काहीतरी परत करायचं, हे आमच्याकडे आज्या-पणज्यांपासून चालत आलंय. दोघं जन्मात पहिल्यांदा भेटत असले तरी तेच. नियम एकच, रागवायचं नाही. जो रागावला त्याची त्याच्या घरच्यांनाच लाज वाटते. तेव्हा या हकिगतीत मी त्याला जागोजागी नावं ठेवीन, ती गोड मानून घ्या.

आमच्या म्बूर गावाच्या किनाऱ्यावर होड्या लागतात, त्याच्या जरा वर माझं मासळीभाताचं पातेलं असतं. मेदूनचा बाप होडीवर जायचा, आई यासीन मासळी खारवायची. पोरगं दुपारी माझ्यासमोर येऊन उभं.

"मावशी, तळाची खरपुडी माझी."

"खरपुडी न्जाय लोकांची. जोपने फक्त पातेलं घासायचं."

"घासतो की. पण रिकामं झाल्याशिवाय घासू कसं?"

आणि खरंच रिकामं करायचा मेला. खायचा एवढा आणि अंगाला काही लागायचं नाही.

खेळताना तर तो निव्वळ आळशी दिसायचा. पावसाळ्यात आमच्याकडे वस्तीवस्तीचे फुटबॉलचे सामने होतात, तेव्हा चूल सोडून सगळे मैदानाच्या कडेला. बाकीची पोरं घामाने निथळत पळायची आणि हा कमरेवर हात ठेवून समोरच्या बचावपटूशेजारी उभा. "अरे, कुणीतरी चटई द्या याला!" असं लोक ओरडायचे. मग कुठूनतरी चेंडू बचावफळीच्या मागे पडायचा आणि मेदून तिथे आधीच पोचलेला असायचा. कधी निघाला, कसा निघाला, शेजारच्यालाही पत्ता लागायचा नाही. त्याच्या बापाला मी एकदा म्हटलं, तुझा पोरगा उभाच असतो की रे. तर म्हणाला, "जाळं टाकल्यावर मी होडीत नाचतो का?" जोपांकडे उत्तरं तयार असतात, काम तेवढं नसतं.

असाच एक सामना बघून एक माणूस त्याला बेल्जियमला घेऊन गेला. दुसऱ्या श्रेणीतला क्लब, लहानसं गाव, वर्षातले निम्मे दिवस आभाळ खाली उतरलेलं. पहिला हिवाळा त्याने राखीव खेळाडूंच्या बाकावर काढला. फोनवर आवाज पार बसलेला. "मावशी, इथे चेंडू पायाला दगडासारखा लागतो." मी म्हटलं, "मग भात जास्त खा. तेवढं तरी येतं तुला." तो हसला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. दुसऱ्या वर्षी मात्र त्याला तिथलं गवत मानवलं. वाळूत पळून पळून पोटऱ्या कमावलेला पोरगा, गवतावर त्याला आवरणार कोण? गोलावर गोल. तिथली गोरी पोरं पाठीवर त्याचं नाव घालून हिंडायला लागली आणि इथे आमच्या न्हाव्याने आरशाच्या वर त्याचा फोटो लावला. मी न्हाव्याला सांगितलं, एवढा वर लावू नकोस, गिऱ्हाईक घाबरेल.

तिसऱ्या वर्षी शेवटच्या सामन्यावर सगळं येऊन ठेपलं. जिंकणारा क्लब पहिल्या श्रेणीत जाणार होता. मेदूनचा करारही त्याच महिन्यात संपत होता, आणि वर गेलो तर नवा करार देऊ असा क्लबचा शब्द होता. आम्ही सगळे न्हाव्याच्या दुकानात टीव्हीसमोर कोंबलेले. मेदूनच्या अंगावर बचावपटू सोडला होता तो दारासारखा रुंद, आणि पाठीवर नाव न्जाय! दुकानात एकच गलका उडाला.

मन्सूर न्जाय. जन्म आणि वाढ फ्रान्समध्ये, आमची भाषा आईकडून शिकलेला. पहिल्याच कॉर्नरला त्याने मेदूनच्या पाठीवरचं नाव वाचलं. काय बोलणं झालं ते मेदूनने मला नंतर सांगितलं.

"जोप? एवढा सुकलेला? मग आमच्या घरचा भात खाल्ला कुणी?"

"तुझ्या आजीने पातेलं आधीच चाटून ठेवलं होतं. सामना संपला की माझे बूट पुसायला ये, गुलामा."

झालं, दोघांची गट्टी जमली. एकमेकांना ढुशा मारत होते, लाथा खात होते आणि वर जिभा चालूच. मन्सूरच्या क्लबने एक गोल केला. अगदी शेवटी मेदून एकटा गोलकीपरसमोर सुटला, आणि चेंडू बारवरून गेला. आयुष्यात त्याचा असा नेम चुकला नव्हता. तो डोकं धरून खाली बसला. मन्सूर वाकून त्याच्या टाळूवर टपली मारत म्हणाला, "ते ताट असतं तर चुकला नसतास, जोपा." आणि मेदून हसला. हरलेला सामना, डोक्याला लावलेले हात, आणि तोंडभर हसू. कॅमेऱ्याने नेमकं तेवढंच टिपलं.

आम्हाला त्यात वावगं काही दिसलंच नाही. न्जायने जोपला गाठलं म्हणून मी सगळ्यांना चहा पाजला. हरल्याचं दुःख होतं, पण एवढी झणझणीत टपली खाऊन जोप हसणार नाही तर काय करणार? हे जगात सगळ्यांना कळतं असंच आम्ही धरून चाललो होतो.

तिथल्या वर्तमानपत्राने तोच फोटो पहिल्या पानावर छापला. याने सामना विकला, असं गाव बोलायला लागलं. बातमीला म्बूरला पोचायला किती वेळ लागतो! दोन दिवसांत इथे किनाऱ्यावर कुजबुज. यासीन मासळी खारवायला यायची ती मान खाली घालून.

क्लबच्या मॅनेजरने मेदूनला खोलीत बोलावून विचारलं, "तो तुला काय म्हणाला?" या भोळ्या सांबाने खरं ते सांगून टाकलं, "मी त्याचा गुलाम आहे आणि मी फार खातो, असं म्हणाला." मॅनेजर ताडकन उभाच राहिला. गुलाम? त्या दिवसापासून वारं फिरलं. कालचा विकला गेलेला मेदून आज बिचारा अपमानित मेदून झाला. क्लबने मन्सूरविरुद्ध तक्रार ठोकली. तक्रार खरी ठरली तर सामना पुन्हा खेळवतील, असं वकिलाचं म्हणणं होतं. मॅनेजरने मेदूनच्या खांद्यावर हात ठेवला. "तुला फक्त एवढंच बोलायचंय की तुझं मन दुखावलं. करार तयार आहे."

मेदूनने आईला फोन केला आणि आई माझ्या पातेल्याशी येऊन बसली.

"दाबा, एक हो म्हटलं तर त्याचं सगळं राहतं. नावही, पोटही."

मी लाकूड आत सारलं. मन्सूर माझ्या घराण्यातला. मी बोलणं बरं दिसलं नसतं.

मग तीच म्हणाली, "पण त्या पोराचा खेळ कायमचा बंद करतील. आणि उद्या तू याला भातखाऊ म्हणालीस, तर हा तुलाही कचेरीत ओढेल का गं?"

तिने तिथूनच मेदूनला फोन लावला. एवढंच म्हणाली, "बाळा, जे खरं असेल ते बोल. मी तोंड धुऊन, मान वर करून बाजारात जाईन." मी तिला जेवायला वाढलं, तिने घास घेतला नाही.

सुनावणीच्या दिवशी मेदूनने सांगितलं की माझं मन दुखावलं नाही, तो माझा नातलग आहे. अध्यक्ष एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, "कसला नातलग? आधी भेट झाली होती?"

"नाही."

"मग?"

"तो न्जाय आहे. मी जोप."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तेवढंच."

त्यांना काही केल्या पटेना. मॅनेजर म्हणाला, पोरगा घाबरलाय, म्हणून असं बोलतोय. तेव्हा मेदूनने परवानगी मागितली आणि सगळ्यांसमोर मला व्हिडिओवर फोन लावला. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. भर दुपार, गिऱ्हाइकांची रांग, हातात डाव, आणि फोनवर याचं थोबाड.

"कशी आहेस, न्जाय?"

"आलास का भातचोरा? तुझ्या बापाने काल तीन ताटं हाणली, आज तू फोनमधून वास घेतोस? गुलाम तो गुलाम, आणि वर मालकिणीला नावाने हाक मारतोस? इकडे ये, तुला या पातेल्यात घालून घासते!"

तो खो खो हसत होता. मागून एका बाईचा ओरडा ऐकू आला, "ए न्जाय, तोंड सांभाळ! भिकाऱ्यांनो, आमच्या आजोबांनी वाढलं म्हणून जगलात तुम्ही!"

मी म्हटलं, "ही कोण भवानी?"

"मीही जोपच आहे!"

"मग तूही माझी गुलाम! ये, भांडी पडली आहेत!"

ती होती तिथली दुभाषी. पोटासाठी डाकारहून गेलेली, अंगात काळा कोट घालून बसलेली. माझं बोलणं त्यांच्या भाषेत सांगायचं सोडून तीच भांडायला उतरली. बरीच हमरीतुमरी झाल्यावर तिला आपण कुठे आहोत ते आठवलं, आणि मग हसू आवरत तिने सगळं शब्दन् शब्द सांगितलं. पुढचं मेदूनने सांगितलं. मग त्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी मन्सूरला विचारलं, "हे असंच असतं?" मन्सूर म्हणाला, "नाही बाई. आज ती मावशी जरा सबुरीने घेत होती."

मन्सूर सुटला. सामना विकल्याचं बालंटही गेलं. ज्या वर्तमानपत्राने फोटो छापला होता त्याने आतल्या पानावर का होईना, तसं लिहिलं. क्लबने मात्र मेदूनला हातात नारळ दिला. पावसाळ्यात तो घरी आला, माझ्याशेजारच्या बाकड्यावर बसून राहायचा. किनाऱ्यावरचे काही शहाणे म्हणायचे, एक हो म्हणायला काय जात होतं? यासीनने त्यातल्या एकाला ओल्या मासळीनेच मारलं. मेदून वस्तीच्या संघातून खेळला, गोल केले, पण जेवायचा निम्मं. त्याने ताटात भात टाकलेला मी पहिल्यांदा पाहिला.

एक दिवस तिथेच बसल्या बसल्या त्याचा फोन वाजला. मन्सूर होता. आवाज एवढा मोठा की मलाही ऐकू आलं.

"जोपा, आमच्या क्लबला पहिल्या श्रेणीसाठी पुढे खेळणारा हवाय. मी प्रशिक्षकांना सांगितलं, माझ्या वाटेला आजवर आलेला सगळ्यात त्रासदायक माणूस एक गुलाम आहे, तेवढा मला आणून द्या."

मेदूनने फोन ठेवला आणि ताट पुढे केलं. मी शिगोशीग भरलं. त्याने खरपुडीसकट सगळं संपवलं.

पहिल्या श्रेणीतला त्यांचा घरच्या मैदानावरचा पहिला सामना बघायला यासीन न्हाव्याच्या दुकानात आली. त्या फोटोनंतर पहिल्यांदाच. माणसांनी उठून तिला पुढची खुर्ची दिली. मेदून नेहमीसारखा कमरेवर हात ठेवून उभा, आणि आम्ही सगळे ओरडतोय, चटई द्या, चटई द्या. उत्तरार्धात मन्सूरने मागून एक लांब चेंडू उचलला. बचावपटू वळेपर्यंत आमचा मेदून पुढे निघून गेला होता. चेंडू छातीवर घेतला आणि डाव्या पायाने खालच्या कोपऱ्यात घातला, अगदी सावकाश. न्हाव्याचा आरसा हादरला. यासीन खुर्चीवर चढून नाचली.

तेवढ्या एका गोलावर ते जिंकले. सामना संपल्यावर एक बाई माइक घेऊन त्याच्याकडे आली, मन्सूर शेजारी उभा होता. हा गोल कुणासाठी, असं तिने विचारलं असावं. ज्या हसण्यापायी सगळं घालवून बसला होता, तेच हसू चेहऱ्यावर आणून मेदूनने थेट कॅमेऱ्यात बघितलं आणि आमच्या भाषेत म्हणाला, "दाबा न्जाय, नीट ऐक. तू माझी गुलाम, तुझा बाप माझा गुलाम, आणि हा शेजारचा उंटही माझाच गुलाम. घरी आलो की तुमच्या अख्ख्या घराण्याचा भात मी एकटा खाणार आहे!" मन्सूर म्हणाला, "खोटारडा!" माइकवाली बाई काही न कळता हसत उभी होती.

दुकानातले सगळे जोप माझ्या अंगावर पडले. एवढा मान मला आयुष्यात कुणी दिला नव्हता. मी त्यांना ढकलून उठले, टीव्हीसमोर जाऊन उभी राहिले आणि बेल्जियममध्ये ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, रडत रडत, मेदूनला शिव्या दिल्या.