वाईट आधी सांगणारे ॲडमिशनबाब

खासगी विद्यापीठांत मुलं पाठवून त्यावर पोट भरणारा, आणि तरीही समोर बसलेल्या पालकाला त्या विद्यापीठाबद्दल आधी वाईट तेवढं सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. गोव्यात, डिचोलीच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं आणि त्याला लागून माझं. मधली भिंत प्लायवूडची. मी वकील, खरेदीखतं, प्रतिज्ञापत्रं असली कामं करते. त्या भिंतीमुळे माझ्या अशिलांना आपल्या भावाविषयीची तक्रारसुद्धा कुजबुजत सांगावी लागायची. पलीकडे कुजबुजण्यासारखं काही नसायचंच. "हॉस्टेलचं जेवण वाईट आहे," असा एक सपाट आवाज ऐकू यायचा. "पहिल्या महिन्यात मुलगा बारीक होणार. फोन करून रडणार. त्याला न्यायला जाऊ नका."

त्यांचं नाव रामनाथ. पण डिचोलीत आणि पेडण्यात सगळे त्यांना ॲडमिशनबाब म्हणत. पुण्याच्या, बेळगावच्या, बंगळूरच्या विद्यापीठांत ते मुलांना प्रवेश मिळवून देत आणि दर मुलामागे विद्यापीठ त्यांना कमिशन देई. हेही ते लपवत नसत. "तुमच्या मुलामागे मला पैसे मिळतात," ते पालकांना सांगत, "तेव्हा मी जे चांगलं सांगेन त्यातलं थोडं कमी धरा." पालक मान डोलवत आणि बहुधा काहीच कमी धरत नसत. इतकं वाईट सांगणारा माणूस चांगलं सांगेल ते खरंच असणार, असा त्यांचा हिशेब होता.

ते स्वतः कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला शिक्षण सोडून खाणीवरच्या ट्रकवर गेले होते. त्याबद्दल त्यांना ना खंत होती ना अभिमान. "मी कॉलेज सोडलं तेव्हा ट्रकवाल्याला प्राध्यापकापेक्षा जास्त मिळायचं," ते एकदा चहा पिताना मला म्हणाले. "मग खाण बंद झाली. ट्रक बंद झाला. प्राध्यापक तसाच चालू राहिला, वकीलबाय." ट्रक विकून त्यांनी हे ऑफिस थाटलं होतं. एक मेज, बसायला तीन कदेली म्हणजे खुर्च्या, आणि भिंतीला लावलेली माहितीपत्रकं, ज्यांच्यावर मुलंमुली हिरवळीवर बसून हसत असायची. ही मुलं त्या विद्यापीठातली नाहीत, हे त्यांनी फोन करून विचारून घेतलं होतं, आणि तेही ते पालकांना सांगत. एकदा एका विद्यापीठाचा टाय लावलेला माणूस वैतागून म्हणाला, "सर, तुम्ही आमच्या बाजूचे आहात की त्यांच्या?" "मी डिचोलीचा," ॲडमिशनबाब म्हणाले आणि त्याच्यासाठी भजी मागवली.

त्यांना एकच मुलगी, तन्वी. ती बारावी झाली त्या उन्हाळ्यात हा सगळा व्यवहार त्यांच्या स्वतःच्या घरात शिरला. तिला प्रॉडक्ट डिझाइन शिकायचं होतं, तेही पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात. ॲडमिशनबाब तिथे दरवर्षी मुलं पाठवत असत, त्यामुळे फी किती आहे हे घरात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. डिझाइन म्हणजे काय ते मात्र सांगावं लागलं. खुर्च्या, दिवे, बाटल्या कशा असाव्यात ते ठरवायचं, असं तन्वीने आईला सांगितलं. तिची आई शैला पंचायतीत कारकून होती. साध्या बी.ए.वर तिला ती नोकरी लागली होती आणि त्याच नोकरीवर खाण बंद पडल्यानंतरचं घर चाललं होतं. ती म्हणाली, "कदेल कशी असावी ते ठरून गेलंय गो. चार पाय असतात. त्याच्यासाठी पुण्याला जायला नको." तन्वीने सांखळीच्या सरकारी कॉलेजात बी.कॉम. करावं आणि जवळच्या औषधांच्या कारखान्यात ऑफिसात लागावं, असं शैलाचं मत होतं. ते मत चुकीचं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

त्याच सुमारास तो टायवाला पुन्हा आला; तो तन्वीला हव्या असलेल्या विद्यापीठाचाच होता. ॲडमिशनबाबांनी या हंगामात भरपूर मुलं पाठवली तर तन्वीची अर्धी फी माफ होईल, असं त्याने सांगितलं. फक्त ते वाईट सांगणं जरा आवरायचं. ॲडमिशनबाब म्हणाले, "बघतो."

दुसऱ्या दिवसापासून प्लायवूडमधून येणारा मजकूर बदलला. "कॅम्पस फार सुंदर आहे," मला ऐकू आलं. "कंपन्या दारात येतात." आवाज तोच, सपाट. मी हातातलं खरेदीखत ठेवून ऐकत राहिले. त्यांना हे जमत नव्हतं असं नाही. वाक्यं सगळी बरोबर होती. पण पालक जिना उतरताना एकमेकांकडे बघत. एकजण तर माझ्या दारात थांबून म्हणाला, "बाई, आज ॲडमिशनबाबांना बरं नाही काय? सगळं चांगलंच सांगताहेत." तो पुन्हा आला नाही. तसे बरेच आले नाहीत. हंगाम निम्मा सरला तरी अर्ध्या फीची माफी लांबच राहिली.

मग पेडण्यातल्या चोपड्याहून एक बापलेक आले. बाप नदीत होडी घालून मासे पकडणारा. रस्त्याला थोडी जमीन गेली होती आणि तिचे पैसे हातात आले होते. मुलीचं नाव दर्शना. विमानतळ पेडण्यातच झाल्यामुळे तिला एव्हिएशनची डिग्री करायची होती आणि ती बंगळूरला मिळत होती. तन्वी सुट्टीत बापाच्या ऑफिसात बसायची, तीही तिथेच होती. ॲडमिशनबाबांनी नव्या सवयीने त्या विद्यापीठाचंही सगळं चांगलं सांगून संपवलं. चोपडेकराने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरां समजलां. आता वायट सांगा. तेच ऐकूक आयलंय मी."

पलीकडे माहितीपत्रक मिटून मेजावर ठेवल्याचा आवाज आला. मग ॲडमिशनबाबांनी वाईट सांगितलं. मनाला न पटणारं आठवडेच्या आठवडे बोललेला माणूस जसा बोलेल तसे ते बोलले. "या डिग्रीला एवढी फी भरून विमानतळावर जी कामं मिळतात, त्यातली पुष्कळशी बारावीवरही मिळतात. मी जाऊन काउंटरवरच्या पोरांना विचारलंय. कुणी डिग्रीवाला, कुणी बिनडिग्रीवाला. गणवेश एकच. मुलीला पेडण्यात बी.कॉम. करू दे आणि मग अर्ज करू दे. पैसे बँकेत राहतील."

बापाचा जीव भांड्यात पडला. मुलीचा नाही. "पण मला इथून बाहेर जायचंय," दर्शना म्हणाली. "त्याचं काय?"

"त्यासाठी एवढी फी भरायची नसते, बाय," ॲडमिशनबाब म्हणाले.

बाप नमस्कार करून उठला. जिन्यात मी तिला पाहिलं; बाप पुढे आणि ती मागे, ओढणीने डोळे पुसत.

ते गेल्यावर तन्वी पालकांच्या कदेलीवर येऊन बसली. "आता माझ्या विद्यापीठाचं वाईट सांगा," ती म्हणाली.

"तुला माहीत आहे."

"मला नाही. त्यांना सांगितलंत तसं सांगा."

त्यांनी सांगितलं. तिथून बाहेर पडलेल्या मुलांना पहिला पगार किती कमी मिळतो, कितीजण वर्षभर घरी बसतात, आणि कर्ज फेडायला बाप नसेल तर काय होतं. तन्वीने सगळं ऐकलं आणि विचारलं, "आणि तिथे आत शिकवतात काय?"

भिंतीच्या अलीकडे मी वाट बघत होते. ॲडमिशनबाब म्हणाले, "ते मी कधी बघितलं नाही." इतकी वर्षं ते विद्यापीठाची जेवणघरं, संडास, हॉस्टेलच्या भिंतींची ओल आणि नोकऱ्या बघत आले होते. वर्गात ते एकदाही बसले नव्हते.

त्याच आठवड्यात ॲडमिशनबाब आणि तन्वी बसने पुण्याला गेले, कुणालाही न कळवता. परत आल्यावर ॲडमिशनबाब माझ्या ऑफिसात येऊन बसले, शैक्षणिक कर्जाची कागदपत्रं घेऊन. मी विचारलं, काय झालं. ते म्हणाले, "एका मास्तराने आम्हाला मागच्या बाकावर बसू दिलं. पोरं एक स्टूल मोडून का मोडलं ते शोधत होती. दुपारपर्यंत तेच. मला झोप आली." मग म्हणाले, "तन्वी मात्र उठून पुढे गेली आणि त्यांच्यात जाऊन बसली. कुणी बोलावलं नव्हतं. परत बोलवायला मलाच जावं लागलं." त्यांनी सह्या केल्या. टायवाल्याला त्यांनी फोनवर सांगून टाकलं होतं की पूर्ण फी भरतो. प्लायवूडमधून पुन्हा हॉस्टेलचं वाईट जेवण ऐकू येऊ लागलं आणि पालक पुन्हा जिना चढू लागले.

शैला त्यांच्याशी बरेच दिवस कामापुरतं बोलत होती. पण तन्वीला निरोप द्यायला बसस्टँडवर तीच पुढे होती, आणि लाडू, लोणचं, सोलं असं सगळं पिशवीत भरून देताना म्हणाली, "जेवण वाईट असतं तिथलं. यांनीच सांगितलंय."

तन्वी शिकली. पहिलं वर्ष रडली, नंतर गणपतीत, चवथीला, घरी यायलाही नाखूश असायची. पास झाल्यावर पुण्यातच एका लहान कंपनीत लागली. म्हाताऱ्या माणसांना धरून चालायला जे वॉकर लागतात त्यांच्या मुठी कशा असाव्यात हे ती ठरवते. पगार बेताचा. आयटीआय करून कारखान्यात लागलेल्या तिच्या चुलतभावाला तिच्यापेक्षा जास्त मिळायचा, आणि हे ॲडमिशनबाब प्रत्येक नव्या पालकाला नावानिशी सांगायचे. पालक विचारायचे, मग तुम्ही का पाठवलंत? "सोमवारी ती कामावर जाते तेव्हा तोंड पाडून जात नाही," ते म्हणायचे. "याची किंमत किती ते तुम्ही ठरवा. मला ठरवता येत नाही."

पुढे विद्यापीठं थेट मुलांच्या फोनवरच प्रवेश देऊ लागली आणि जिना ओस पडला. त्यांची तब्येतही ढासळली होती. ऑफिस बंद करायच्या आधी एका दुपारी मी त्यांना सरळच विचारलं, की एवढा खर्च केला, तो सत्कारणी लागला का? त्यांनी नेहमीप्रमाणे विचार केला. "तन्वीला विचारलं तर ती लगेच हो म्हणते," ते म्हणाले. "शैलाला विचारलं तर ती लगेच नाही म्हणते. घरात दोन्ही उत्तरं आहेत, वकीलबाय. मी मध्ये बसून जेवतो."

ते गेले तेव्हा पावसाळा सरत आला होता. दिवस घालायच्या वेळी मी त्यांच्या घरी गेले तर ओटीवर बरीच माणसं होती, पुष्कळशी मला प्लायवूडमुळे आवाजाने ओळखीची. त्यांत चोपड्याचा तो होडीवाला होता आणि दर्शनाही. बी.कॉम. करून ती विमानतळावरच लागली होती आणि आता काउंटरवरच्या बाकीच्यांवर देखरेख करायची. पगार तन्वीपेक्षा चांगला. ॲडमिशनबाबांचा सल्ला तंतोतंत बरोबर निघाला होता, आणि मी तिला तसं म्हटलंही.

"हो, बरोबर निघाला," ती म्हणाली. "ते दरवर्षी चवथीला आमच्याकडे यायचे. गणपतीवर फळांची माटोळी बांधलेली असते ती बघायचे, बसायचे आणि मला विचारायचे, अजून राग आहे काय. मी म्हणायचे, आहे. तुम्ही मला जाऊ द्यायला हवं होतं."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. शैलाला नाही, तन्वीलाही नाही. तन्वी तिच्याशेजारी येऊन बसली. "मग बाबा काय म्हणायचे?"

"काही नाही. ऐकून घ्यायचे. करंजी खायचे आणि जायचे," दर्शना म्हणाली. "आणि पुढच्या वर्षी परत यायचे."